उशाशी ठेवलेली टाकी

इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी उघडली की बॅटरी दिसतच नाही, दिसतात ते सेल. 18 मिलिमीटर जाडीचे, 65 मिलिमीटर उंचीचे, रांगेत उभे केलेले. या मापावरूनच त्यांना 18650 म्हणतात. शेवटचा शून्य गोल आकारासाठी. एकेकाचं वजन कोंबडीच्या अंड्याएवढं. असा एक सेल साधारण 9 वॉट-तास वीज धरतो, म्हणजे 3 किलोवॉट-तासाच्या पॅकमध्ये असे सव्वातीनशेहून जास्त लागतात. काही कंपन्या थोडे जाड सेल घेतात, काही चपटे घेतात, पण आतली मांडणी तीच.

ही मांडणी म्हणजे सुरळीची वडी. तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटचा लेप, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर धातूंच्या ऑक्साइडचा लेप आणि दोघांच्या मध्ये प्लास्टिकचा एक सच्छिद्र पडदा, केसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा पातळ. तिन्ही एकत्र गुंडाळून डब्यात घालायचं आणि वर द्रव ओतायचा. लिथियमचं आणि पाण्याचं जमत नाही, म्हणून हा द्रव पाण्याचा नसतो, कार्बोनेट जातीच्या द्रावकांचा असतो. आणि ही द्रावकं पेट घेतात. म्हणजे डब्यात इंधन आहे, ऊर्जा आहे आणि दोघांना आवरून धरणारा तो एक पडदा.

हे धोक्याचं आहे हे संशोधकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सत्तरच्या दशकात एक्सॉन या तेल कंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी शुद्ध लिथियम धातू वापरून बॅटरी केली, तेव्हा प्रयोगशाळेत अग्निशमन दलाला वारंवार यावं लागे. तेल कंपनीच्याच पैशांतून तेलाला पर्याय निघत होता, ही गंमत वेगळी. 1980 मध्ये जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइड सुचवलं. पुढे जपानात अकिरा योशिनो यांनी लिथियम धातू काढूनच टाकला आणि कार्बनच्या थरांत लिथियमचे आयन ये-जा करतील अशी बॅटरी बनवली. तिच्यावर जड वजन टाकून त्यांनी ती पेटते का ते पाहिलं. ती पेटली नाही. 1991 मध्ये सोनीने ती बाजारात आणली आणि 2019 मध्ये तिघांना मिळून नोबेल मिळालं. म्हणजे आज आपण जिला घाबरतो ती तिच्या घराण्यातली त्यातल्या त्यात शांत मुलगी आहे.

ती बिघडते कशी? कुठल्याशा कारणाने एक सेल तापतो. आत धातूचा कण राहिलेला असेल, चार्जरने मर्यादेपेक्षा जास्त वीज कोंबली असेल, पॅक आपटला असेल, पाणी शिरलं असेल. शंभर अंशांच्या आसपास ग्रॅफाइटवरचा संरक्षक थर तुटू लागतो, आणि तो तुटतानाही उष्णताच बाहेर पडते. साधारण 130 अंशांना मधला पडदा वितळायला लागतो. पडदा गेला की दोन्ही पत्रे एकमेकांना भिडतात आणि साठवलेली वीज आतल्या आत उष्णता होऊन सुटते. दोनशेच्या पुढे ऑक्साइडचा लेप फुटून ऑक्सिजन सोडतो. इथून पुढे बाहेरची हवा बंद करून ही आग गुदमरत नाही, कारण श्वासाची सोय तिने स्वतःच केलेली असते. झाकणातून फुसकारत पांढरा धूर येतो. पाहणाऱ्याला तो वाफ वाटतो. त्यात हायड्रोजन असतो, कार्बन मोनॉक्साइड असतो आणि फुप्फुसं जाळणारा हायड्रोजन फ्लोराइडही. बंद खोलीत तो साचला आणि ठिणगी मिळाली की स्फोट.

एका सेलचं हे नाटक काही सेकंदांचं. खरा प्रश्न शेजारच्या सेलचा. पॅक म्हणजे एकत्र कुटुंब: निकेलच्या पट्ट्यांनी स्पॉट वेल्डिंग करून सगळे बांधलेले, एकाचा ताप दुसऱ्याला लागणार. घरात एक म्हातारा सेल असेल तर चार्जिंगच्या वेळी तो आधी भरतो आणि इतरांसाठी लावलेली वीज त्याच्या डोक्यावर बसते. हे भांडण सोडवायला बीएमएस नावाचा सर्किट बोर्ड असतो. तो प्रत्येक रांगेचा विद्युतदाब आणि तापमान बघतो आणि वेळ आली की वीज तोडतो. स्वस्त पॅकमध्ये पहिली काटकसर होते ती इथे. तापमान मोजणारे सेन्सर दोनच, दोन सेलांमधल्या फटी नाहीशा, पट्ट्यांचं वेल्डिंग घाईचं. पॅक रस्त्यावर तसाही चालतो. खड्ड्यांवरून वर्षभर हादरे बसल्यावर एखादी पट्टी सुटते, तेव्हा कळतं.

2022 मध्ये हे सगळं एकदम दिसलं. मार्चमध्ये पुण्यात धानोरीला रस्त्याकडेला उभी असलेली ओलाची स्कूटर पेटली आणि त्याचा व्हिडिओ देशभर फिरला; महिन्याभरात कंपनीने 1441 गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. त्याच सुमारास तमिळनाडूत वेल्लोरला चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या आगीत बाप-लेक गेले. एप्रिलमध्ये नाशिकहून निघालेल्या कंटेनरमध्ये जितेंद्र ईव्हीच्या 20 स्कूटर जळाल्या. सप्टेंबरमध्ये सिकंदराबादला खाली स्कूटरचं शोरूम आणि वर लॉज अशा इमारतीत आठ जणांचा जीव गेला. त्याच महिन्यात वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला आणि हॉलमध्ये झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजून पुढे दगावला.

तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच कारण होतं: ऊन. मला ते कधीच पटलं नाही. चंद्रपूरचा मे महिना झाला तरी 46-47 अंश. पडदा वितळायला त्याच्या जवळपास तिप्पट लागतात. आणि नाशिकच्या त्या गाड्या कोणी चालवतही नव्हतं, त्या कंटेनरमध्ये उभ्या होत्या. ऊन दुबळ्या सेलला ढकलतं हे खरं, पण आधी सेल दुबळा असावा लागतो. तज्ज्ञांच्या तपासातही सेलमधले आणि पॅकच्या रचनेतले दोषच पुढे आल्याच्या बातम्या नंतर छापून आल्या.

यावरचा इलाज पुण्याच्या एका टेकडीवरून लिहिला गेला. वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जाणारे ज्या संस्थेच्या नावाने तिला एआरएआय टेकडी म्हणतात, ती 1966 पासूनची वाहन संशोधन संस्था. देशातल्या वाहनांची मानकं तिच्या हातून बाहेर पडतात. एआयएस-156 हे दुचाकी-तीनचाकींच्या बॅटरीचं मानक 2022 मध्ये कडक झालं आणि डिसेंबर 2022 व मार्च 2023 अखेर अशा दोन टप्प्यांत लागू झालं. पॅक पाण्यात बुडवून बघायचा, गाडीतून निघणारा असेल तर काँक्रीटवर टाकून बघायचा, जास्त चार्ज करून बघायचा. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती वेगळीच परीक्षा: एक सेल मुद्दाम बिघडवायचा आणि पॅक पेट घेत नाही ना, ते पाहायचं. सेल कधीच बिघडणार नाही अशी हमी कोणी मागत नाही. बिघडलाच तर घराला सुतक लागू नये, एवढंच. बऱ्याच उत्पादकांनी रसायनही बदललं. लोह-फॉस्फेटचा सेल वजनाला जड पडतो आणि त्यात वीज कमी मावते, पण तो उशिरा तापतो आणि ऑक्सिजन सहज सोडत नाही. माझ्या मते दुचाकीला तोच बरा.

पण मानक नव्या गाडीला. मानक येण्याआधीची स्कूटर, कोपऱ्यावरच्या दुकानात सेल बदलून आणलेला पॅक, मूळ चार्जर बिघडल्यावर घेतलेला लोकल चार्जर, यांना ते कुठून लागू होणार? न्यूयॉर्कमध्ये घरपोच जेवण पोचवणारी मुलं असेच जुने, जोडकाम केलेले पॅक खोलीत चार्ज करत. 2023 मध्ये तिथे बॅटरीच्या आगींत 18 माणसं गेली आणि त्याच वर्षी प्रमाणित नसलेल्या ई-बाइक विकण्यावर शहराने बंदी घातली.

पेट्रोलच्या गाड्याही पेटतात, हे म्हणणारे खोटं बोलत नाहीत. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 9 किलोवॉट-तास ऊर्जा असते, स्कूटरच्या पॅकमधली वीज त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी (द्रावक आणि प्लास्टिक जळतं ते वेगळं). पण पेट्रोलची टाकी कोणी काढून घरात आणत नाही. ती खाली पार्किंगमध्ये राहते, पेटली तर तिथे पेटते. बॅटरी वर येते, कारण खाली प्लग नाही. मग ती हॉलमध्ये, दरवाज्याजवळ, टीव्हीच्याच एक्स्टेंशन बोर्डावर रात्रभर लागते. पेटलीच तर बाहेर पडायची वाट तिच्याच पुढून.

बंब आल्यावर जवान पाणी मारतात, भरपूर आणि बराच वेळ, कारण सगळी भिस्त पॅक थंड करण्यावर. पावडरने ज्वाळा दबते, आतला ताप तसाच राहतो. विझलेला पॅक काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही पुन्हा पेटू शकतो, म्हणून तो उघड्यावर, भिंतीपासून लांब नेऊन ठेवावा लागतो. फुगलेली, आपटलेली किंवा पुराच्या पाण्यात बुडालेली बॅटरी चालते का, हे चार्जिंगला लावून बघायचं नसतं, हेही याच हिशेबातलं. गाडी उन्हातून दामटून आणल्यावर पॅक निवायला अर्धा-पाऊण तास द्यावा आणि चार्जिंग माणसं जागी असताना करावं.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट बसवण्याचा विषय सलग दोन वर्षं आला. मीटर कोणाच्या नावावर, वायरिंगचा खर्च कोण देणार आणि आग लागली तर जबाबदार कोण, यावर दोन्ही वेळा पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. तिसऱ्या मजल्यावरचे काका रोज रात्री आपली दहा-बारा किलोची बॅटरी पिशवीत घालून जिन्याने वर नेतात. लिफ्टमध्ये नेऊ नये, असा ठराव मात्र झाला आहे.