नाट्यपदाची बदलती चाल

सांगली-मिरजेत नाट्यगीतांची मैफल सुटली की बाहेर चहाच्या गाडीवर एक वाद हमखास रंगतो: गायकाने पद मूळ चालीत गायलं की नाही? साताऱ्यात शाहू कलामंदिराबाहेरही तेच. मी या वादात आजवर हिरिरीने पडत आलो आहे. नाट्यपदांवर जीव असलेल्या माणसाला तिथे गप्प बसवत नाही.

पण मूळ म्हणजे कोणतं? ते शोधायला लांब जायला नको. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं ते सांगलीत. ‘शारदा’ (१८९९) लिहिणारे देवल कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरचे, तर ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ लिहिणारे खाडिलकर सांगलीचेच. संगीत नाटकांची जुनी पुस्तकं उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘चाल’ असं छापून कुठल्या तरी आधीच्या गाण्याचे शब्द दिलेले असतात. कीर्तनातल्या, लावणीच्या, कानडी मुलखातल्या चाली उचलून त्यांवर नवे शब्द बसवले जात, आणि ते कुणी लपवत नसे. ‘मानापमान’साठी (१९११) गोविंदराव टेंब्यांनी पूरबकडच्या ठुमरी-दादऱ्याचा रंग आणला. ‘स्वयंवर’मध्ये (१९१६) भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींना नाटकात जागा दिली. आज आपण ज्याला मूळ म्हणून कवटाळतो, ते तेव्हाचं नव्याने बांधलेलं गाणं होतं.

दुसरी गोष्ट तबकडीची. बालगंधर्व १९०५ साली मिरजेत शकुंतलेच्या भूमिकेत पहिल्यांदा उभे राहिले. पुढे त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला थिरकवाँसाहेब, सारंगीला कादरबक्ष, आणि समोर ‘वन्समोअर’ मागणारं थिएटर. तिथे पद किती फुलेल याला धरबंध नव्हता. ध्वनिमुद्रिकेची एक बाजू मात्र तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. आपल्या कानात बसली आहे ती ही आवरती घेतलेली आवृत्ती. तिच्यापेक्षा गायकाने एक जागा वेगळी घेतली तर आपण भुवया उंचावतो! औंधच्या संगीत महोत्सवात रात्र जागवणारा सातारकर रसिक एकच बंदीश दर वेळी वेगळी ऐकून खूश होतो. तोच रसिक नाट्यपद आलं की तबकडीबरहुकूम मागतो. याचं मला फार वाईट वाटतं.

मिरजेत घर केलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी ‘मानापमान’मधलं ‘चंद्रिका ही जणू’ ध्वनिमुद्रित केलं. त्यात नाटक मागे सरतं आणि देवगंधार तेवढा उरतो. शब्द सुरात विरघळतात, आणि तरीही ते पद म्हणून मनात राहतं. कुमार गंधर्वांनी पुढे बालगंधर्वांची पदं गायली तेव्हा कार्यक्रमाचं नावच ‘मला उमजलेले बालगंधर्व’ ठेवलं. नक्कल करण्यासारखा गळा त्यांचा नव्हता, आणि ती इच्छाही नव्हती. बालगंधर्वांच्या छोट्या हरकती आणि शब्दाआधीचं थबकणं त्यांनी आपल्या आवाजातून पुन्हा विचार करून मांडलं. नव्याने गाण्याचा याहून सच्चा नमुना मला ठाऊक नाही.

सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे वसंत कानेटकर यांच्या ‘मत्स्यगंधा’ला (१९६४) जितेंद्र अभिषेकींनी संगीत दिलं आणि पद आटोपशीर केलं, ताना लगामात ठेवल्या. अभिषेकींनीच संगीत दिलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’तली (१९६७) पदं २०१५च्या चित्रपटात शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या गाण्यांबरोबर आली आणि शाळकरी मुलांच्या तोंडी बसली. हे चांगलंच झालं.

मग मला खुपतं काय? अलीकडे एका मैफिलीत संथ लयीचं पद दुप्पट लयीत आलं, मागे ऑक्टोपॅड, अंतरा गाळलेला, टाळ्यांचा ठेका धरायचं आवाहन. हा बदल पदातून आला नव्हता, श्रोता कंटाळेल या भीतीतून आला होता. त्याच हंगामात सांगलीत एका तरुण गायिकेने तेच पद घेतलं. मुखडा तिने अजूनच सावकाश टाकला. अंतऱ्याच्या दुसऱ्या फेरीत एका शब्दाआधी ती थांबली. ऑर्गनवाल्याने बोटं उचलली, तबल्यावर नुसता ठेका राहिला, आणि तो शब्द समेवर अलगद आला. पुढच्या रांगेतली मंडळी खुर्चीच्या टोकाशी सरकली. तबकडीत ही जागा नाही. पण नायिकेची अडचण त्या थांबण्यात जेवढी कळली, तेवढी मला आधी कधी कळली नव्हती. शब्द कळला पाहिजे आणि तो कोण, कुणाला म्हणतंय हे उमगलं पाहिजे. एवढं सांभाळून गायकाने खुशाल चाल वळवावी.

आयोजकांना एक विनंती आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि दहा-बारा किलोमीटरवरच्या सांगलीतल्या मंचावर यंत्राचा तंबोरा वाजतो. निदान नाट्यगीतांच्या मैफिलीला खरे तंबोरे मांडा. निवेदकाच्या कोट्या कमी करून प्रत्येक पदाआधी नाटक, प्रसंग आणि चाल बांधणाऱ्याचं नाव सांगा. आणि शक्य तिथे आधी जुनी तबकडी ऐकवा, मग गायकाला त्याचं त्याला गाऊ द्या.