अंधूक दृष्टी, मंद पाऊल : घर सुरक्षित कसे करावे?

आपल्या घरातील कोणाची दृष्टी अंधूक झाली असेल किंवा चालणे कष्टाचे झाले असेल, तर घरातील अडथळे दूर करणे हा उपचाराचाच भाग समजावा. उतारवयात साध्या पडण्यानेही खुब्याचे हाड मोडते आणि हिंडतीफिरती व्यक्ती अंथरुणाला खिळू शकते.

अल्पदृष्टी म्हणजे काय?
चष्मा लावूनही अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ ते ३/६० असल्यास, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ती अल्पदृष्टी होय. निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसणारे अक्षर ६/१८ दृष्टीस ६ मीटरवरूनच दिसते. अशा व्यक्तीस काही अंशी दिसत असल्याने योग्य प्रकाश व ठळक रंग यांचा तिला मोठा आधार होतो.

प्रारंभ कोठून करावा?
पलंगापासून शौचालयापर्यंतची वाट प्रथम सुरक्षित करावी.

• वाटेत रात्री मंद दिवा ठेवावा. सुटी पायपुसणी व सतरंज्या काढाव्यात.
• गुळगुळीत संगमरवरी पायऱ्यांच्या कडेला गडद किंवा पिवळी, न घसरणारी पट्टी लावावी.
• शौचालयात भिंतीत पक्का बसविलेला आधारदांडा असावा. टॉवेलच्या दांडीवर शरीराचा भार टाकू नये.
• चाकाच्या खुर्चीसाठी उतार १:१२ असावा. म्हणजे १० सेंटिमीटर उंबरठ्यास १२० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो.
• त्या व्यक्तीस सांगितल्याविना सामानाची जागा बदलू नये.

मोहाली व चंदीगड परिसरात हिवाळ्यातील धुक्यामुळे दिवसाही घरात उजेड कमी असतो. अशा वेळी दिवे लावावेत. हीटरची वायर भिंतीलगत ठेवावी.

साहाय्य कोठे मिळेल?
प्रथम नेत्रतपासणी करून घ्यावी. मोतीबिंदू असल्यास शस्त्रक्रियेने दृष्टी सुधारू शकते. राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील किंवा मासिक १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठ नागरिकांस काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, चष्मा इत्यादी साधने निःशुल्क मिळतात. ज्येष्ठ नागरिकांसाठी मार्गदर्शनाचा दूरध्वनी क्रमांक १४५६७ आहे.

कोणी पडल्यास व खुब्यात तीव्र वेदना असल्यास ओढून उभे करू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

कोणताही बदल करण्यापूर्वी, ज्यांच्यासाठी तो करावयाचा आहे त्यांनाच विचारावे. आपली अडचण त्यांनाच सर्वाधिक ठाऊक असते.