गोल्फ स्विंगची पहिली हालचाल, आणि 'सुधारलं' म्हणायची घाई

माझा एक मित्र गेले काही महिने गोल्फ शिकतोय. एका रविवारी त्याने ड्रायव्हिंग रेंजवरून दोन व्हिडिओ पाठवले, 'आधीचा' आणि 'नंतरचा'. खाली मेसेज : "जमलं! टेकअवे सुधारला." पुढच्या रविवारी तिसरा व्हिडिओ आला, मेसेजशिवाय. स्विंग पुन्हा जुन्याच वळणावर गेला होता. रात्री फोनवर म्हणाला, "सोडून द्यावं म्हणतोय. मला हे येणारच नाही बहुतेक."

मला वाटलं, त्याचा स्विंग चुकत असेल-नसेल, त्याचं मोजमाप मात्र नक्की चुकतंय. आणि ही चूक आपल्यापैकी प्रत्येकाकडून प्रयोगशाळेत कधी ना कधी होते. म्हणून आज जरा वेगळा विषय.

टेकअवे म्हणजे काय?

चेंडूमागे स्थिर ठेवलेला क्लब मागे न्यायला सुरुवात केली, की क्लबचा दांडा जमिनीला साधारण समांतर होईपर्यंतचा जो टप्पा, तो टेकअवे. स्विंगची ही पहिली हालचाल. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे मनगटं फिरवून क्लबहेड झटकन आतल्या बाजूला, शरीरामागे ओढणं.

तपासायला सोपं आहे. खेळाडूच्या मागे, लक्ष्याच्या दिशेने तोंड करून, हातांच्या उंचीवर फोन ठेवायचा. दांडा समांतर झाला ती फ्रेम थांबवायची. क्लबहेड हातांच्या रेषेत किंवा किंचित बाहेर दिसलं तर ठीक. हातांना ओलांडून शरीरामागे गेलेलं दिसलं, तर ते आत ओढलं गेलंय.

एवढ्याशा हालचालीला इतकं महत्त्व का?

कारण वेळेत आहे. व्यावसायिक खेळाडूंचा बॅकस्विंग साधारण पाऊण सेकंदाचा आणि डाऊनस्विंग पाव सेकंदाचा असतो, म्हणजे प्रमाण जवळपास ३:१. आता डोळ्यांना काही दिसून त्यावर हालचाल सुरू व्हायलाच माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. म्हणजे डाऊनस्विंगमध्ये चूक लक्षात येऊन ती विचारपूर्वक दुरुस्त करेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. जाणीवपूर्वक काही बदलायचं असेल, तर सुरुवातीचा संथ भागच हाताशी उरतो.

मोजमापालाही हे सोयीचं आहे. साध्या फोनवर सेकंदाला ३० फ्रेम धरल्या, तर बॅकस्विंगच्या २२-२३ फ्रेम मिळतात आणि डाऊनस्विंगच्या जेमतेम ७-८. टेकअवे बघायला महागडं यंत्र लागत नाही.

पण इथे थांबा. "टेकअवे चांगला नसेल तर शॉट चांगला बसत नाही" हे विधान खरं आहे का? जिम फ्युरिक आठवा. अमेरिकेचा हा खेळाडू क्लब आधी बाहेर-वर नेतो आणि मग गिरकी घेऊन आत आणतो. कुठल्याही पुस्तकात असा स्विंग शिकवत नाहीत. तरी त्याने २००३ ची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये पीजीए टूरच्या एका फेरीत ५८ फटक्यांचा विक्रम केला. एका उदाहरणाने ते विधान पडलं. मग उरतं काय? एवढंच, की आत ओढलेला क्लब परत वाटेवर आणायला पुढे भरपाई करावी लागते आणि ती भरपाई दर वेळी तशीच करणं नवशिक्याला अवघड जातं. दावा लहान झाला, पण आता तो तपासता येतो.

लक्ष कुठे ठेवायचं?

माझा मित्र स्वतःला बजावत होता, "मनगट फिरवू नकोस." यावर थेट उपयोगी पडणारा अभ्यास आहे. गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये गोल्फ कधीच न खेळलेल्या २२ जणांना पिच शॉट शिकवले. एका गटाला सांगितलं, लक्ष हातांच्या हालचालीवर ठेवा. दुसऱ्याला सांगितलं, क्लबच्या हालचालीवर ठेवा. प्रत्येकाने ८० फटके सराव केला. दुसऱ्या दिवशी कुठलीही सूचना न देता ३० फटके मारून घेतले. दोन्ही दिवशी क्लबवर लक्ष ठेवणारा गट सरस ठरला.

मग नियम ठरला? नाही. २००३ मध्ये पर्किन्स-सेकाटो आणि सहकाऱ्यांना तरबेज खेळाडूंमध्ये बाहेर लक्ष ठेवण्याचा फायदा दिसला, पण कमी कौशल्याच्या खेळाडूंमध्ये उलट : स्विंगवर लक्ष ठेवल्यावर त्यांचे फटके जास्त सातत्याचे होते. हे निष्कर्ष एकमेकांविरुद्ध वाटतात. पण पद्धतीचा भाग वाचा. पहिल्या अभ्यासात 'बाहेर' म्हणजे क्लब, दुसऱ्यात 'बाहेर' म्हणजे लक्ष्य. शब्द एक, अर्थ दोन. लिटरेचर रिव्ह्यू करताना नुसते सारांश वाचले, तर हे हातातून निसटतं. शिवाय दोन्ही अभ्यास पिच शॉटचे आहेत, टेकअवेचे नाहीत. तिथून टेकअवेकडे मारलेली उडी माझी आहे, त्यांची नाही. थिसिसमध्ये अशी उडी मारलीत, तर ती तुमची आहे हे स्पष्ट लिहा.

चूक कुठे होती?

वुल्फ यांच्या प्रयोगातली दुसऱ्या दिवसाची चाचणी परत बघा. तिला रिटेन्शन टेस्ट म्हणतात. सरावात, सूचना डोक्यात ताजी असताना जे दिसतं ती कामगिरी. सूचना काढून घेतल्यावर, मध्ये रात्र गेल्यावर जे टिकतं ते शिकणं. मित्राचा 'नंतरचा' व्हिडिओ पन्नासाव्या चेंडूचा होता, तोही आवडला म्हणून निवडलेला. त्याने कामगिरी मोजली आणि नाव दिलं शिकण्याचं. तिसऱ्या व्हिडिओने खरं सांगितलं, तर तो खचला.

मी स्वतः पीएचडीच्या पहिल्या वर्षी सकाळी सेटअप नीट लावून दुपारी घेतलेली रीडिंग गाईडना दाखवली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "उद्या काही न हलवता परत घेशील?" दुसऱ्या दिवशी आलेख वेगळाच आला.

म्हणून आम्ही त्याच्यासाठी साधा आराखडा केला :

१. रेंजवर गेल्यावर पहिले दहा चेंडू कुठलीही सूचना न आठवता मारायचे. दहाही रेकॉर्ड करायचे, एकही गाळायचा नाही.
२. समांतर फ्रेममध्ये क्लबहेड आत की रेषेत, एवढंच वहीत लिहायचं. निकष आधीच ठरलेला.
३. मग सराव. मनगट विसरायचं. सुरुवातीला क्लबहेड जमिनीलगत, हातांच्या पुढ्यातून संथ मागे न्यायचं, लक्ष तिथेच.
४. सरावातले सुंदर फटके मोजायचे नाहीत.
५. चार आठवडे निष्कर्ष नाही.

अर्थात एका माणसावर, कंट्रोल ग्रुपशिवाय केलेला हा प्रयोग 'ही सूचना चांगली' असं सिद्ध करणार नाही. नुसत्या सरावानेही फरक पडू शकतो. पण 'मला येणारच नाही' हे तपासायला तेवढा पुरेसा आहे. सध्या दोन रविवार झालेत. तो अजून जातोय, आणि व्हिडिओऐवजी वहीच्या पानाचा फोटो पाठवतोय.