वजन घटवायचे आहे? राजा पसेनदीने काय केले ते आधी पाहू या

मागच्या वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात मोफत आरोग्य तपासणी ठेवली होती. लोकांना रांगेत उभे करणे, नाव-वय लिहून घेणे, बीपीच्या टेबलाकडे पाठवणे ही कामे आम्हा कार्यकर्त्यांकडे होती. गर्दी ओसरल्यावर डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आता तुम्ही या काट्यावर." आम्ही हसत गेलो आणि गप्प होऊन परत आलो. सगळे तिशी-पस्तिशीतले. एकाची साखर वाढलेली, दोघांचे बीपी चढलेले, आणि पोटे तर टेप लावायच्या आधीच दिसत होती.

भारतीय माणसाच्या पोटाभोवती चरबी लवकर साठते, म्हणून आपल्यासाठी धोक्याची रेघ अलीकडे ओढलेली आहे. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रीची ८० च्या वर गेली की सावध व्हायचे. बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जादा, २५ च्या पुढे लठ्ठपणा. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असे आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. हा आजार आता बंगल्यात राहणाऱ्यांचा उरलेला नाही. चाळीशीत डायलिसिसला बसलेला माणूस प्रत्येक वस्तीत सापडतो, आणि चळवळीतली माणसे त्याला अपवाद नाहीत. बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत मधुमेहाने किती छळले, हे आपण वाचलेले आहे.

तपासणीनंतर आम्ही पेटून उठलो, आणि चूक तिथेच झाली. एकाने भात-पोळी बंद केली. एकाने संध्याकाळी फक्त काकडी. एकीने मोबाइलवर पाहून एकवीस दिवसांचा कसलासा कोर्स सुरू केला. महिन्याभरात तीन-चार किलो उतरले, फोटोही टाकले गेले. मग लग्नसराई आली. दिवाळीनंतरच्या काट्याचा फोटो मात्र कोणी टाकला नाही.

हे इच्छाशक्ती कमी पडल्यामुळे झाले, असे आम्हाला तेव्हा वाटले. वाचल्यावर कळले की शरीर असेच वागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला गेला. ही माणसे दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली. काहींनी तर पाककृतींची पुस्तके जमवायला सुरुवात केली. बंधन सुटल्यावर पोट भरूनही त्यांची भूक भागेना. तिथल्याच एका टीव्ही स्पर्धेत झपाट्याने वजन उतरवलेल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासले, त्याचा अहवाल २०१६ मध्ये आला. बहुतेकांचे वजन बरेचसे परत आले होते, आणि त्यांचे शरीर विश्रांतीत असताना अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते. म्हणजे उपाशी ठेवले की शरीर त्याला दुष्काळ समजते आणि काटकसर सुरू करते.

उपाशी राहून काही साधत नाही, हे खरे तर आपल्याला कोणी सांगायला नको. सिद्धार्थाने अन्न तोडून शरीराचा सापळा केला, आणि सुजाताची खीर घेतल्यावरच पुढची वाट धरली, ही गोष्ट आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. पण ती आपण वैशाख पौर्णिमेच्या भाषणापुरती ठेवतो.

दुसरी एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. संयुत्तनिकायात कोसल संयुत्तात द्रोणपाक सुत्त आहे. कोसलचा राजा पसेनदी रोज द्रोणभर तांदळाचा भात खात असे. हा द्रोण म्हणजे आपल्या पंगतीतला पानाचा द्रोण नव्हे, धान्य मोजायचे मोठे माप. एकदा तो असाच जेवून, धापा टाकत बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला रागावले नाही, उपवास सांगितला नाही, कुठला पदार्थ वर्ज्य केला नाही. फक्त एक गाथा म्हटली. जेवताना भान ठेवणाऱ्या आणि माप ओळखणाऱ्या माणसाचा त्रास कमी होतो आणि तो सावकाश म्हातारा होतो, असा तिचा आशय.

पुढे राजाने जे केले ते आम्हाला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. स्वतःच्या निर्धारावर तो विसंबला नाही. मागे उभ्या असलेल्या सुदस्सन नावाच्या तरुणाला त्याने ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणून दाखवायचे काम दिले. त्याबद्दल रोज शंभर कार्षापण. अट्ठकथेत आणखी तपशील येतो. गाथा राजाच्या शेवटच्या घासाच्या वेळी म्हणायची, तो घास राजाने बाजूला ठेवायचा, त्यातली शिते मोजायची आणि पुढच्या वेळी तेवढे तांदूळ कमी शिजवायचे. हळूहळू राजा एका नाळीवर आला, म्हणजे बऱ्याच लहान मापावर, आणि तिथेच स्थिरावला. त्याचे अंग हलके झाले.

रोज एक घास कमी. एवढीच युक्ती. पण ती घडायला आठवण करून देणारा माणूस लागतो, ठरलेली वेळ लागते, आणि स्वयंपाकघरात मापातही बदल लागतो.

आता आपल्या ताटाकडे येऊ. कार्यकर्त्याचा दिवस कसा जातो? सकाळी घाईत चहा-खारी. मग ज्याच्या घरी जाऊ तिथे चहा, नाही म्हटले तर यजमानाला वाईट वाटते. दुपारी वडापाव. संध्याकाळी मीटिंग, पुन्हा चहा, फरसाण. रात्री अकराला घरी आल्यावर दिवसभराच्या भुकेने भाताचा डोंगर, आणि लगेच झोप. दिवसाचे सात चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर सुमारे ७० ग्रॅम साखर होते, २८० कॅलरी. वरून घेतलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी, असे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे जेवणाला हात लावायच्या आधीच आपण मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट पुढे गेलेलो असतो.

मग जेवण. इथे प्रश्न फक्त जिभेचा नाही, आणि आरोग्याच्या व्याख्यानात हे कोणी बोलत नाही म्हणून आम्ही बोलतो. आपल्या घरांत ताट चाटूनपुसून स्वच्छ करायची शिस्त आहे. ती कुठून आली? आमच्या आजीने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली, मिलो आणि सुकडी खाल्ली. तिच्या आईने गावाची उरलीसुरली भाकरी पदरात घेतली. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या पोटभर अन्न आले नाही, त्यांच्या घरात भरलेले ताट म्हणजे मान, आणि आग्रहाने वाढणे म्हणजे माया. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या खाण्याची नोंद केली आहे. ते वाचताना लक्षात येते की तेल, तूप, साखर हे पदार्थ त्या चुलीजवळ फारसे आलेच नाहीत. आता पगार आला, किराणा भरला, आणि तेलाचा डबाही घरात आला. आपल्या पोरांनी भरपूर खावे, ही त्या भुकेचीच दुसरी बाजू आहे.

म्हणून वजन वाढलेल्याला 'खादाड' म्हणणे आम्हाला पटत नाही. विशेषतः बायकांना, ज्यांच्या शरीरावर बोलायचा परवाना प्रत्येक नातेवाईक खिशात घेऊन फिरतो. त्याच बाई सगळ्यांच्या शेवटी जेवतात आणि पातेल्यात उरलेले वाया जाऊ नये म्हणून स्वतः संपवतात. आणि "अहो, भात कमी घ्या" असे सांगणारा घरातला सुदस्सनही बहुतेक वेळा त्याच असतात. शंभर कार्षापण सोडा, वर ओरडा खातात.

तर मन बदलायचे म्हणजे काय? आम्ही स्वतःशी एवढेच मान्य केले की अन्न आता उद्याही मिळणार आहे. आज सगळे पोटात भरून ठेवायची गरज नाही. हे वाक्य सोपे आहे, अंगवळणी पडायला वेळ लागला.

बाकी केले ते किरकोळ. घरी तांदूळ मोजायच्या वाटीऐवजी थोडी लहान वाटी ठेवली. शिजवलेच कमी की उरतही नाही आणि संपवावेही लागत नाही. ताटात आधी भाजी, डाळ, कांदा-काकडी वाढून घ्यायची आणि भात-भाकरी नंतर. अर्धे ताट भाज्या-फळांचे असावे, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२४ चा आहारसल्लाही सांगतो. रोज एक-दोन अंडी, नाहीतर उसळ, फुटाणे, सुकट. प्रथिने पोटात गेली की रात्री भाताची ओढ कमी होते. 'सात्त्विक' आहाराच्या नावाखाली अंडी-मासळीला नाक मुरडणाऱ्यांचे व्हिडिओ आम्ही बंद केले. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात, आणि गरिबाला परवडणारी इतकी चांगली वस्तू दुसरी शोधून दाखवावी. मीटिंगच्या दिवशी सहा वाजताच घरून नेलेली भाकरी-भाजी खायची, म्हणजे रात्री अकराचे आक्रमण टळते. चहा दोनच, तोही एका चमच्याचा.

आणि सुदस्सन. आम्ही जोड्या केल्या. रात्रीच्या जेवणाच्या वेळी एकाने दुसऱ्याला फोन करायचा, वीस सेकंद, "शेवटचा घास ठेवला का?" पहिल्या आठवड्यात हसू यायचे. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात नवी सवय आपोआप घडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसे बिघडत नाही, असेही त्यात दिसले. आमचाही अनुभव तोच. १४ एप्रिलच्या आठवड्यात मसालेभात आणि बुंदीने आम्हाला चीत केले, दोन किलो परत आले. पूर्वी अशा वेळी सगळेच सोडून दिले असते. या वेळी फोन सुरू राहिले. आठ महिन्यांत सहा किलो, हा काही फोटो टाकण्यासारखा आकडा नाही, पण तो टिकून आहे.

ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावे, नाहीतर साखर एकदम उतरू शकते. गरोदर बाया आणि वाढत्या वयाची मुले यांनी या फंदात पडूच नये. पौर्णिमेला अष्टशील घेणाऱ्यांनी दुपारनंतरचे न जेवणे हे शील म्हणूनच पाळावे. दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई करणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत, त्यांत आम्हीही होतो.

गेल्या रविवारी विहारात बैठक झाली. आता तिथे चहा बिनसाखरेचा होतो आणि साखरेची वाटी शेजारी ठेवलेली असते, ज्याने त्याने आपली घ्यावी. आमच्या समितीतले सगळ्यात वडील बाबा, वय ७८, यांनी सगळ्यांसमोर तीन चमचे घातले, ढवळले आणि म्हणाले, "बहात्तर साली गुळाचा खडा दिसला नव्हता रे." कोणी काही बोलले नाही. मग त्यांनी बशीत चहा ओतला आणि शेवटचे दोन घोट कपातच ठेवले.