जाळ्याचे चित्र आणि त्यामागचे मदतनीस

संगणकाच्या पडद्यावर हल्ली जाळ्यांची चित्रे पुष्कळ दिसतात. ठिपके असतात, त्यांना जोडणाऱ्या रेघा असतात. ठिपक्यावर बोट ठेवले की नाव उमटते, तो ओढला की शेजारचेही हलतात. पाहणारा थक्क होतो. परंतु अशा चित्राचा खरेखोटेपणा ठरतो तो ते काढण्यापूर्वी, माहितीची मांडणी करताना. या मांडणीसाठी जी लहान लहान तयार साधने असतात, त्यांना साहाय्यक फंक्शने म्हणतात. आपण त्यांना मदतनीस म्हणू.

आपल्या पुणे मेट्रोचेच उदाहरण घ्या. ती मार्च २०२२ मध्ये सुरू झाली व सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत पोहोचली. पहिले दोन मार्ग जिल्हा न्यायालय स्थानकावर एकमेकांस भेटतात. हे जाळे काढावयाचे तर संगणकाला दोन याद्या लागतात: एक स्थानकांची, दुसरी जोडण्यांची. दुसरीत बहुधा नावे नसतात, पहिलीतले क्रमांक असतात.

येथेच पहिली मेख आहे. आकडेमोडीची 'आर' ही भाषा १ पासून मोजते. पडद्यावर चित्र हलविणारी जावास्क्रिप्ट ० पासून. शिवाजीनगर १, जिल्हा न्यायालय २, कसबा पेठ ३ असे क्रमांक आपण दिले आणि '१ ते २' अशी जोडणी लिहिली. पलीकडे ० म्हणजे शिवाजीनगर, १ म्हणजे जिल्हा न्यायालय आणि २ म्हणजे कसबा पेठ! रेघ एक घर पुढे सरकते आणि शिवाजीनगर एकटे पडते. 'आयग्राफ'मधील जाळे 'नेटवर्क-डी-थ्री'ला हवे तसे करून देणारा एक मदतनीस आहे. तो दोन्ही याद्या पाडतो व क्रमांक ० पासून लावतो. हे हमाली काम त्याने करावे, हेच बरे.

दुसरी अडचण मात्र त्याच्या आवाक्याबाहेरची आहे. एका यादीत 'सिव्हिल कोर्ट' व दुसरीत 'जिल्हा न्यायालय' असे लिहिले, तर संगणक दोन ठिपके काढील आणि दोन्ही मार्ग कोठेच भेटणार नाहीत. ते एकच स्थानक आहे हे पुणेकराला ठाऊक. यंत्राला ते सांगावे लागते.

तिसरी गोष्ट आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना अधिक जाचते. समजा, कोणी कोणाबरोबर तक्रारअर्जावर सही केली यावरून कंत्राटी कामगारांचे जाळे काढले. ज्याने कोणाबरोबरच सही केली नाही, त्याची जोडणी नाही. ठिपक्यांची यादी नुसत्या जोडण्यांवरून तयार केली, तर तो माणूस चित्रातून साफ गळतो. वास्तविक, संघटनेने आधी गाठावयाचा तो तोच! तो भीतीने मागे राहिला, की त्याला कोणी विचारलेच नाही, हा प्रश्नच मग उद्भवत नाही; चित्रात सगळे एकमेकांस जोडलेलेच दिसतात. म्हणून माणसांची यादी हजेरीपत्रकावरून घ्यावी, जोडण्या मागाहून भराव्यात.

उद्या एखादे कार्यालय किंवा कारखाना असे चित्र पुढे करून 'पाहा, सर्व आले' म्हणेल. तेव्हा दिपून जाऊ नये. ठिपके मोजावेत, मूळ पटाशी ताळा करावा, आणि कमी भरले तर गळलेल्यांची नावे मागावीत. एवढ्यासाठी संगणकशास्त्र शिकावे लागत नाही.