मॅकार्थीवाद आणि अमेरिकन पत्रकारिता
शीतयुद्धकाळात अमेरिकी समाजाला साम्यवाद्यांपासून धोका असल्याच्या समजुतीतून पसरलेल्या संशयाच्या वातावरणाला मॅकार्थीवाद म्हणतात. फेब्रुवारी १९५० मध्ये सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी परराष्ट्र खात्यात साम्यवादी शिरल्याचा आरोप केला. अनेक वृत्तपत्रांनी त्यांचे आरोप शहानिशा न करताच छापल्याने भीती वाढली.

९ मार्च १९५४ रोजी पत्रकार एडवर्ड मरो यांनी सीबीएसवरील 'सी इट नाऊ' या कार्यक्रमात मॅकार्थी यांच्याच भाषणांच्या चित्रफिती दाखवून त्यांतील विसंगती उघड केल्या. मतभेद म्हणजे देशद्रोह नव्हे, असे प्रतिपादन केले. ६ एप्रिल रोजी त्याच कार्यक्रमातून उत्तर देताना मॅकार्थी यांनी मरो यांच्यावरच साम्यवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप केला. लष्कराशी झालेल्या वादाच्या जाहीर सुनावणीनंतर, २ डिसेंबर १९५४ रोजी सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थी यांच्या वर्तनाचा निषेध केला.