आधीचे तीन महिने आठवा

दिवाळीच्या सुमारास मोरीची जाळी माझ्या केसांनी तुंबायला लागली. वेणी निम्मी झाली तेव्हा मी आरशासमोर चक्क रडले. आईनं तेल बदललं, आत्यानं इंदूरच्या पाण्याला दोष दिला (तेच पाणी वापरून तिचे केस मात्र दाट!). मी बायोटिनच्या गोळ्या आणल्या.

डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "दोन-तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?"

ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला होता. मोठा ताप, बाळंतपण किंवा कडक डाएट झालं, की वाढीतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि गळतात ते दोन-तीन महिन्यांनी. तोवर आपण ताप विसरलेलो असतो.

तरीही थायरॉइड आणि फेरिटिन तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो. माझा तसाच निघाला. तपासणीआधी बायोटिन बंद करायला लावलं, कारण त्यानं थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. दुकानदारानं हे कुठे सांगितलं होतं! भांग रुंदावत असेल, पाळी अनियमित असेल किंवा गोल चकत्या पडत असतील, तर कारण वेगळं असू शकतं, असंही त्या म्हणाल्या.

आता होळी आली. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. कपाळावर बोटभर नवे केस उभे राहतात, तेल चोपडूनही बसत नाहीत.